रामनदीच्या पाणलोटाचं मॉडेल: उपग्रहचित्रापासून हरकतीच्या अर्जापर्यंत

रामनदी पुण्याच्या पश्चिमेला भूकूमजवळ खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी असं करत औंधजवळ मुळेला मिळते. लांबी सुमारे १९ किलोमीटर, पण तेवढ्यात तिचे दोन मालक होतात. भूगाव-भूकूमचं नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), पाषाण-औंधचं पुणे महापालिकेकडे. बावधन बुद्रुक तर २०२१ साली पालिकेत आलं. वर डोंगरउतारावर काँक्रीट पडलं की पाणी खाली पाषाणात वाढतं, आणि वरचा आराखडा ज्या टेबलावर ठरतो तिथे पाषाणचा नकाशा नसतो. म्हणून विकास आराखड्यावर हरकत घेण्यासाठी संगणकावर मॉडेल करताना त्याची हद्द वॉर्डाची, गावाची किंवा पालिकेची घेऊ नका. पाणलोटाची, म्हणजे ज्या जमिनीचं पाणी या नदीत येतं तिची घ्या. या एका निर्णयावर पुढचं सगळं काम उभं राहतं.

इथे दिलेली पद्धत पुण्यातल्या आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला यांनाही तशीच लागू होते. सगळी साधनं मोफत आहेत: नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि त्यातलं ग्रास, वाढीच्या अंदाजासाठी मोलुस्के हे प्लगइन, पुरासाठी हेक-एचएमएस आणि हेक-रास. संगणकाला १६ जीबी रॅम असावी. हेक-रास विंडोजवर चालवा. क्यूजीआयएसची सर्वांत नवी आवृत्ती घेण्यापेक्षा दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती घ्या, कारण प्लगइन तिच्यावर कमी अडतात.

आधी प्रश्न, मग नकाशा

"शाश्वत विकासाचं मॉडेल" असा प्रश्न नसतो. प्रश्न असा लिहा: येत्या आठ-दहा वर्षांत पाणलोटात होणारं तेवढंच बांधकाम दोन वेगवेगळ्या पद्धतींनी वाटलं, तर एका जोरदार पावसात पाषाणपर्यंत येणाऱ्या पाण्यात किती फरक पडतो? यात "तेवढंच" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. एका पर्यायात घरं कमी आणि दुसऱ्यात जास्त असतील तर कमी घरांचा पर्याय जिंकणारच, आणि समोरचा अभियंता पहिल्याच मिनिटाला तुमचं मॉडेल बाजूला सारेल. टेकडी राखायची असेल तर तिथली माणसं कुठे राहतील हेही मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे.

हे मॉडेल दोन भविष्यांची तुलना करतं. कोणत्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये किती इंच पाणी येईल हे ते सांगू शकत नाही, आणि तसं कुणी विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा.

जमिनीचा आकार

उंचीचा नकाशा, म्हणजे डीईएम, ३० मीटर पिक्सेलचा पुरतो. कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम ओपनटोपोग्राफीवर मिळतो. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहावरून केलेला कार्टोडीईएम आहे. उतरवताना अंदाजे पाणलोटाच्या चारही बाजूंनी ५ किलोमीटर जास्त घ्या. प्रकल्पाची आणि प्रत्येक थराची निर्देशांक पद्धत (जागेचं स्थान आकड्यांत सांगण्याची पद्धत) ईपीएसजी ३२६४३ ठेवा, म्हणजे यूटीएमचा ४३ उत्तर पट्टा. पुणे त्यात बसतं. अंश-मिनिटांत ठेवलेल्या डीईएमवर उतार काढला की सगळीकडे कडेच कडे दिसतात, कारण आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहते. डीईएम या पद्धतीत आणताना, म्हणजे वार्प करताना, रीसॅम्पलिंगला (नव्या पिक्सेलचे आकडे काढण्याच्या रीतीला) बायलिनिअर निवडा. आपोआप येणारा "निअरेस्ट नेबर" तसाच राहिला तर उताराच्या नकाशावर जाळीसारखे पट्टे उमटतात.

कोपर्निकसचा डीईएम जमिनीचा नाही, पृष्ठभागाचा आहे. इमारतींची छतं आणि झाडांचे शेंडे त्यात उंची म्हणून येतात. बावधनमध्ये दाट इमारतींच्या मधून जाणारा नाला त्यामुळे बुजतो, आणि महामार्गाचा भराव धरणासारखा आडवा उभा राहतो. यावर उपाय म्हणजे प्रवाह डीईएममध्ये कोरणे. ओपनस्ट्रीटमॅपवरची रामनदी आणि तिचे ओढे घ्या, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटशी पडताळा, आणि त्या रेषेखालचे पिक्सेल ५ मीटरनी खाली करा. पुणे शहराचा जुना टोपोशीट ४७ एफ/१४ आहे; भूकूमकडचा भाग त्याच्या पश्चिमेच्या शीटांमध्ये येतो, हे विसरून अर्धीच नदी कोरली जाते. टोपोशीटवर ओढा आहे आणि आज जागेवर नाही, अशा ठिकाणी खूण करून ठेवा. बुजवलेल्या ओढ्याची ती यादी नंतर फार कामाला येते.

यानंतर ग्रासमधलं आर-वॉटरशेड चालवा. मर्यादा ५०० पिक्सेल द्या. ३० मीटरचा पिक्सेल ९०० चौरस मीटरचा, म्हणजे ४५ हेक्टरचं पाणी जिथे जमतं तिथून ओढा सुरू होईल. प्रवाहसंचयाच्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये वरून किती पिक्सेलांचं पाणी येतं त्याच्या, नकाशात उणे आकडे दिसले तर घाबरू नका. त्या पिक्सेलमध्ये नकाशाबाहेरूनही पाणी येत असावं, असा त्याचा अर्थ. तुमच्या पाणलोटाच्या आत उणे आकडे आले तर मात्र कडेला घेतलेली जागा कमी पडली आहे. शेवटी आर-वॉटर-आउटलेटला औंधच्या संगमाचा बिंदू द्या. बिंदू प्रवाहाच्या पिक्सेलवर तंतोतंत बसला पाहिजे. एक पिक्सेल बाजूला गेला तर उत्तर म्हणून दोन-तीन हेक्टरचा तुकडा मिळतो, आणि नवशिक्यांचा बराच वेळ याच ठिकाणी जातो.

आलेली सीमा डोळ्यांनी तपासा. भूकूम, भूगाव, मानस तलाव, पाषाण तलाव आत हवेत. वेताळ टेकडीची पाषाणकडची बाजू आत आणि कोथरूडकडची बाहेर हवी. चांदणी चौक जवळजवळ पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या डोंगरधारेवर येतो. कोथरूडचा मोठा तुकडा आत आला असेल तर डीईएम पुन्हा उघडा, कारण ते पाणी मुठेला जातं.

उतार काढताना अजून एक सापळा आहे. एकास पाच हा उतार म्हणजे २० टक्के, म्हणजेच ११.३ अंश. बांधकामाच्या नियमांत डोंगरमाथा-डोंगरउतारासाठी हीच मर्यादा वापरतात. क्यूजीआयएस उतार अंशांत देतं. तिथे २० हा आकडा टाकला तर तुम्ही ३६ टक्क्यांचा उतार मागितलेला असतो आणि अर्धी टेकडी बांधकामयोग्य ठरते. शिवाय ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये उतार सपाट होतो, छोटे तीव्र कडे नाहीसे होतात. म्हणून प्राथमिक चाळणीसाठी ९ ते १० अंशांपासूनच खूण करा आणि नेमक्या सर्व्हे नंबरसाठी प्रत्यक्ष मोजणी मागा.

जमिनीवर काय आहे

सेंटिनेल-२ ची चित्रं १० मीटरची आहेत आणि कोपर्निकस डेटा स्पेसवर किंवा गुगल अर्थ इंजिनवर मोफत मिळतात. तीन साल घ्या, सारख्या अंतराची: २०१७, २०२१ आणि २०२५. तिन्हींसाठी महिने तेच ठेवा.

पुण्यात एका ऋतूचं चित्र पुरत नाही. एप्रिलमध्ये सुकलेलं गवत, उघडा मुरूम आणि पत्र्याची छपरं उपग्रहाला जवळपास सारखी दिसतात. नुसत्या उन्हाळी चित्रावरून वर्गवारी केली तर अख्खी टेकडी "बांधकाम" होऊन बसते. पावसाळ्यात ढग. म्हणून प्रत्येक सालासाठी नोव्हेंबरचं एक आणि एप्रिलचं एक चित्र घेऊन दोन्हींचे पट्टे (प्रकाशाच्या एकेका रंगाचे थर) एकत्र करा. नोव्हेंबरात हिरवं आणि एप्रिलमध्ये तपकिरी ते गवत किंवा शेती, दोन्हीत हिरवं ती झाडी, दोन्हीत कोरडं आणि उजळ ते बांधकाम किंवा खाण. निळा, हिरवा, लाल, जवळचा अवरक्त हे १० मीटरचे पट्टे, आणि २० मीटरचा लघुतरंग अवरक्त. एवढे पाच पुरतात.

२५ जानेवारी २०२२ पासून नव्या प्रक्रियेने तयार झालेल्या सेंटिनेल-२ चित्रांच्या आकड्यांत १,००० मिळवलेले असतात. २०२१ चं चित्र जुन्या आणि २०२५ चं नव्या प्रक्रियेचं असेल आणि हे हजार वजा केले नाहीत, तर चार वर्षांत संपूर्ण पाणलोट उजळला असं दिसतं. चित्रासोबतच्या माहितीफाइलमध्ये प्रक्रियेचा क्रमांक बघा, ०४.०० किंवा पुढचा असेल तर वजा करा. अर्थ इंजिनवर "हार्मोनाइज्ड" नावाचा संग्रह निवडला की हे काम आधीच झालेलं असतं.

वर्ग सहाच ठेवा: बांधकाम, उघडी खणलेली जमीन, शेती, गवताळ माळ, झाडी, पाणी. प्रत्येकाचे किमान ५० नमुने, म्हणजे संगणकाला तो वर्ग शिकवण्यासाठी खूण केलेल्या जागा, पाणलोटभर विखरून काढा; सगळे नमुने एकाच सोसायटीभोवती काढले तर मॉडेल ती सोसायटी ओळखायला शिकतं, शहर नाही. पाषाण तलावाचं पाणी हातानेच सीमा आखून पक्कं करा. जलपर्णी पसरली की उपग्रह तलावाला हिरवळ समजतो आणि तुमच्या तक्त्यात तलाव आटलेला दिसतो.

तपासणीसाठी वेगळे ५० बिंदू दर वर्गाला घ्या, नमुन्यांतलेच पुन्हा वापरू नका. एकूण अचूकता ८५ टक्क्यांच्या वर असावी, पण तेवढ्यावर थांबू नका. बांधकामाच्या वर्गातली चूक ८ टक्के आणि चार वर्षांतली वाढ ५ टक्के असेल तर तुमच्याकडे वाढीचा आकडाच नाही. अशा वेळी "उघडी जमीन" आणि "बांधकाम" या दोन वर्गांचे नमुने वाढवा. गोंधळ बहुतेक तिथेच असतो.

तिन्ही नकाशे शेवटी ३० मीटरवर आणा. या वेळी "मोड", म्हणजे बहुमत, निवडा. वर्गांच्या क्रमांकांची सरासरी निरर्थक असते: बांधकाम १ आणि शेती ३ यांच्या सीमेवर सरासरी २ येते आणि तिथे नसलेली खाण उगवते.

आराखड्याचा नकाशा बसवणे

विकास आराखडा बहुधा पीडीएफमध्ये मिळतो. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये तो बसवताना ८ ते १० नियंत्रण बिंदू (आराखड्यात आणि उपग्रहचित्रात दोन्हींत ओळखू येणाऱ्या जागा) घ्या, कोपऱ्यांत आणि मध्ये विखरून. जुने पूल, देवळं, रस्त्यांचे जुने चौक चांगले. इमारतींचे कोपरे नकोत, कारण उपग्रहचित्रात उंच इमारती कललेल्या दिसतात. १:४,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २ मीटर. सरासरी चूक ४-५ मीटरच्या आत आली की थांबा. चूक कमी दिसावी म्हणून तिसऱ्या घाताचं रूपांतर निवडू नका. बिंदूंवर ते सुंदर बसतं आणि बिंदूंच्या मधला नकाशा वाकवतं.

गावनकाशे, म्हणजे गट नंबरांचे, याहून अवघड. मूळ मोजणी जुनी, कागद आक्रसलेला. ते वीसेक मीटर सरकलेले असू शकतात असं धरूनच चला, आणि ओढ्याकाठचा गट पुराच्या रेषेच्या आत आहे की बाहेर हा निकाल त्यांच्यावरून कधीही देऊ नका.

ज्या जागांवर बांधकाम नको त्यांचा एकच थर करा: तीव्र उतार, जैववैविध्य उद्यान, तलाव, ओढ्यांचे काठ आणि पूररेषा. १९९७ साली पालिकेत आलेल्या गावांच्या आराखड्यात जैववैविध्य उद्यानासाठी ९७८ हेक्टर राखले आहेत. त्यातला पाणलोटात येणारा भाग आराखड्याच्या नकाशावरून उचला. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटी. हा फरक नकाशात वेगळ्या रंगांनी दाखवा, एकच "पूरक्षेत्र" करून टाकू नका.

वाढ कुठे जाईल

मोलुस्केला २०१७ आणि २०२१ चे नकाशे द्या, सोबत वाढीच्या कारणांचे रास्टर (पिक्सेलांचे बनलेले नकाशे): रस्त्यापासून अंतर, आधीच्या बांधकामापासून अंतर, उतार. सगळ्या रास्टरचा विस्तार, पिक्सेल आणि निर्देशांक पद्धत अगदी एकसारखी हवी. एका ओळीचा फरक असला तरी प्लगइन नकार देतं, आणि येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक याच कारणाच्या असतात. उपाय सोपा: एक रास्टर प्रमाण मानून बाकीचे त्याच्या विस्तारावर कापून घ्या. प्लगइनच्या न्यूरल नेटवर्क या शिकणाऱ्या पद्धतीत शेजार १ पिक्सेल ठेवा. एक फेरी म्हणजे आधीच्या दोन सालांमधलं अंतर. इथे चार वर्षं. त्यामुळे पहिली फेरी २०२५ देते, दुसरी २०२९, तिसरी २०३३.

२०२५ चा अंदाज खऱ्या २०२५ शी ताडून बघा. कॅप्पा (दोन नकाशे किती जुळतात याचा गुण, पूर्ण जुळले तर १) ०.८ आला म्हणून खूश होऊ नका. पाणलोटातले बहुतेक पिक्सेल चार वर्षांत बदलतच नाहीत, त्यामुळे "काहीच बदलणार नाही" असं म्हणणारं मॉडेलही चांगले गुण मिळवतं. फक्त बदललेले पिक्सेल घ्या: बरोबर ओळखलेला बदल, चुकलेला बदल आणि खोटा बदल या तिन्हींची बेरीज करा आणि बरोबर भागाला तिने भागा. हे गुणोत्तर बऱ्याचदा ०.१ ते ०.३ इतकंच येतं. तो आकडा प्रामाणिक आहे, तोच सांगा.

पर्याय तयार करताना मोलुस्केचा अंतिम नकाशा तसाच घेऊ नका. बांधकामाची शक्यता दाखवणारे रास्टर बाहेर काढा. "आहे तसा कल" या पर्यायात सर्वांत जास्त शक्यतेचे पिक्सेल भरा. "राखून" या पर्यायात आधी बांधकाम नको असलेल्या जागांच्या थराने गुणून ते पिक्सेल शून्य करा आणि मग उरलेल्यांत भरा. किती भरायचे? वाढ ३०० हेक्टर धरली तर ३०० भागिले ०.०९, म्हणजे ३,३३३ पिक्सेल, दोन्हींत तेवढेच. राखलेल्या जागेवर ६० हेक्टर बसत होते आणि घनता हेक्टरी १५० माणसं होती, तर ती ९,००० माणसं दुसरीकडे मांडावी लागतील. नवीन जागा भरण्याऐवजी बस किंवा मेट्रोच्या चालण्याजोग्या अंतरातली घनता वाढवणं, हा तिसरा पर्याय आहे. आमच्या मते तोच गंभीरपणे तपासण्यासारखा, कारण चार मजल्यांऐवजी आठ मजले झाले तरी छताचं क्षेत्र तेवढंच राहतं आणि ओढ्याकडे जाणारं पाणी फारसं वाढत नाही. मात्र तिथली सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची नळव्यवस्था तो भार पेलते का, हे वेगळं तपासावं लागतं.

किती पाणी वाहील

इथे कर्व्ह नंबर पद्धत वापरा. कर्व्ह नंबर जितका मोठा, तितकं जमिनीत कमी मुरतं आणि जास्त वाहतं. साठवण = २५४०० ÷ कर्व्ह नंबर − २५४, मिलिमीटरमध्ये. वाहणारं पाणी = (पाऊस − ०.२ × साठवण)² ÷ (पाऊस + ०.८ × साठवण). पाऊस ०.२ × साठवणीपेक्षा कमी असेल तर उत्तर शून्य. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये ही अट घातली नाही तर उणे आकड्याचा वर्ग अधिक होत असल्यामुळे कमी पावसातही खोटं पाणी वाहतं.

आपल्याकडची काळी माती आणि मुरमाखालचा बेसॉल्ट पाहता मातीचा गट बहुतेक क किंवा ड येतो, म्हणजे अमेरिकी तक्त्यातले तिसरा आणि चौथा. टेकडीवर दोन वीत माती आणि खाली सलग कातळ असेल तर तो ड धरा. कर्व्ह नंबर अनुक्रमे क आणि ड गटाचे असे: मध्यम स्थितीतल्या झाडीला ७३ आणि ७९, मध्यम गवताळ माळाला ७९ आणि ८४, सरळ सरीतल्या शेतीला ८५ आणि ८९, खणून उघड्या टाकलेल्या जमिनीला ९१ आणि ९४, छतं आणि डांबराला ९८.

आता १०० मिलिमीटर पावसाचा हिशोब. क गटातला गवताळ माळ ४८.६ मिलिमीटर वाहू देतो. त्यावर ६० टक्के छप्पर आणि फरसबंदी झाली तर त्या भागातून ९४ आणि उरलेल्यातून ४८.६, मिळून ७५.८. फरक २७.२ मिलिमीटर. एक चौरस किलोमीटरवर हे २७,२०० घनमीटर होतं: दहा हजार लिटरचे २,७२० टँकर, एका पावसात, जास्तीचे.

६०-४० चा सरासरी कर्व्ह नंबर ९०.४ काढून एकदाच सूत्र लावण्याचा मोह होतो. १०० मिलिमीटरला उत्तर ७३.६ येतं, फारसं बिघडत नाही. पण ४० मिलिमीटरच्या पावसाला खरं उत्तर २३.६ आणि सरासरीचं १९.५, म्हणजे सहावा हिस्सा गायब. म्हणून पाणी प्रत्येक पिक्सेलला काढा आणि मग बेरीज करा. मिश्र पिक्सेलमध्ये फरसबंदीचा आणि उघडा भाग वेगळे मोजा.

पुण्यातले मोठे पूर कोरड्या मातीवर येत नाहीत. आंबिल ओढ्याचा २५ सप्टेंबर २०१९ चा पूर पावसाळ्याच्या शेवटी आला. भिजलेल्या मातीसाठी कर्व्ह नंबर वाढवा: २३ × नंबर ÷ (१० + ०.१३ × नंबर). ७९ चा ८९.६ होतो, ९८ चा ९९.१. त्याच १०० मिलिमीटरला माळातून ७१.७ आणि बांधलेल्या जागेतून ८७.१ येतात, फरक २७ वरून १५ वर उतरतो. दोन्ही आकडे द्या. फक्त कोरड्या मातीचा मोठा फरक दाखवला तर समोरचा तज्ज्ञ तो पाडेल, आणि त्याचं बरोबर असेल.

पावसाचे आकडे घेताना शिवाजीनगरच्या वेधशाळेचा पाऊस भूकूमला लावू नका. पश्चिमेला ताम्हिणीच्या दिशेने पाऊस झपाट्याने वाढत जातो. हवामान खात्याचा पाव अंशाचा जाळीदार संच इथे फार ढोबळ आहे, त्याच्या एका चौकोनात सगळा पाणलोट मावतो. पाणलोटातल्या किंवा जवळच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांचे तासागणिक आकडे मिळवा. ओढ्याच्या पुरासाठी दिवसाच्या बेरजेपेक्षा सर्वांत जोराचे दोन तास महत्त्वाचे असतात.

पाणी कुठे चढेल

हेक-एचएमएसमध्ये पाणलोटाचे आठ-दहा उपभाग करून प्रत्येकाचा जलालेख (वेळेनुसार प्रवाह किती ते दाखवणारा आलेख) काढा. बांधकाम झालं की पाणी वाढतं तसंच ते लवकरही पोचतं, त्यामुळे शिखरप्रवाह एकूण पाण्यापेक्षा जास्त प्रमाणात वाढतो. विलंबकाळ, म्हणजे पावसानंतर प्रवाह शिखराला पोचायला लागणारा वेळ, दोन्ही पर्यायांत तोच ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

हेक-रासचं द्विमितीय मॉडेल ३० मीटरच्या डीईएमवर चालतं, पण चालवू नका. अशा डीईएममध्ये उंचीची चूकच काही मीटरची असते, आणि ओढ्याची खोली दोन-तीन मीटर. निदान सोमेश्वरवाडी ते औंध या पट्ट्यात ड्रोन किंवा टोटल स्टेशनने घेतलेली उंची लागते; दर ५० मीटरला आणि प्रत्येक पुलाच्या वर-खाली ओढ्याचे आडवे छेद घ्या. जाळीचे चौकोन १० मीटर, आणि रस्ते, भिंती, बंधारे यांवर ब्रेकलाइन, म्हणजे चौकोनांच्या कडा जिच्यावर बसवल्या जातात ती रेघ. ब्रेकलाइन नसेल तर पाणी भिंतीतून आरपार जातं, कारण चौकोनाच्या कडा भिंतीवर बसलेल्या नसतात. १० मीटरचा चौकोन आणि सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर कालपाऊल (मॉडेल एका टप्प्यात जितका वेळ पुढे जातं तो) ३ सेकंदांच्या आसपास ठेवा. मोठं ठेवलं तर पाण्याची पातळी करवतीसारखी वरखाली होते. मॅनिंगचा गुणांक, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आकडा, काँक्रीटच्या नाल्याला ०.०१५, झुडपं वाढलेल्या ओढ्याला ०.०५ ते ०.०८, वस्तीला ०.१ किंवा जास्त.

महामार्गाच्या भरावाखालच्या मोऱ्या मॉडेलमध्ये घातल्या नाहीत तर वरच्या बाजूला खोटा तलाव होतो. आणि घातल्या तर एकदा पूर्ण उघड्या आणि एकदा निम्म्या बुजलेल्या धरून चालवा, कारण पावसाळ्यात फांद्या, प्लास्टिक आणि राडारोड्याने त्या तशाच असतात. ही दुसरी फेरी बऱ्याचदा जमीनवापराच्या पर्यायांपेक्षाही मोठा फरक दाखवते. तसं झालं तर ते लपवू नका. मोरी मोठी करणं टेकडी वाचवण्याच्या आड येत नाही.

खालची सीमा मुळेवर आहे. साधा पर्याय म्हणजे नदीचा उतार देऊन सामान्य खोली, म्हणजे त्या उतारावर पाणी एकसारखं वाहताना जी खोली राहते ती. पण मुळशीतून विसर्ग सुरू असताना मुळेची पातळी चढलेली असते आणि रामनदीचं पाणी मागे तुंबतं. म्हणून एक फेरी चढलेल्या पातळीची करा. प्रत्येक फेरीच्या शेवटी पाण्याच्या हिशोबातली चूक बघा. १ टक्क्याच्या वर असेल तर ते निकाल वापरू नका.

ताळा पुराच्या खुणांनी करा: भिंतीवरची चिखलाची रेघ, देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, तारीख-वेळ असलेला फोटो, सीसीटीव्ही. जुन्या रहिवाशांना "किती पाणी होतं" विचारण्यापेक्षा "कोणत्या खिडकीपर्यंत, किती वाजता" विचारा. अशा पाच-सहा खुणांशी पातळी अर्ध्या मीटरच्या आत जुळली तर एवढ्या कामाला ते पुरेसं आहे. जुळत नसेल तर आधी मोऱ्या तपासा, मग पाऊस, आणि शेवटी मॅनिंगचा गुणांक. तो हवा तसा वाकवून आकडा जुळवता येतो, म्हणूनच त्याला शेवटी हात लावायचा.

उष्णतेचा प्रश्नही असेल तर त्याच जमीनवापराच्या नकाशांवर इन्व्हेस्ट या मोफत संचातलं शहरी थंडाव्याचं मॉडेल चालतं.

हरकत-सूचना दाखल करताना

आराखडा प्रसिद्ध झाला की सूचनेत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी लागते. मॉडेल त्याआधी तयार हवं. हरकतीत सर्व्हे किंवा गट नंबर, आराखड्यातला वापर आणि मागितलेला बदल पहिल्याच परिच्छेदात लिहा. दोन पर्यायांचे नकाशे एकाच प्रमाणात, एकाच रंगसूचीत, एकाच पानावर शेजारी छापा. आकडा एक देऊ नका, पट्टा द्या: "पाषाणपर्यंत येणारं पाणी इतके ते इतके टक्के वाढेल, माती कोरडी ते भिजलेली." सोबत डीईएमचं नाव, चित्रांच्या तारखा, कर्व्ह नंबरांचा तक्ता आणि तपासणीचे निकाल एका पानावर जोडा. सुनावणीत "हे कशावरून?" असं विचारलं जातं तेव्हा पुढे करायचं पान तेच. रामनदीसाठी अर्जाची एकेक प्रत पीएमआरडीए आणि महापालिका, दोन्हीकडे द्या आणि आवक क्रमांक घ्या.

फाइलींची नावं साल, महिना आणि पर्यायाच्या नावाने ठेवा, आणि मूळ उतरवलेले रास्टर वेगळ्या फोल्डरमध्ये अस्पर्श राहू द्या. दर वर्षी नोव्हेंबर आणि एप्रिलचं नवं चित्र मिळालं की वर्गवारीपासून पुढचं काम पुन्हा चालवा. डीईएम आणि पाणलोटाची सीमा तीच राहते, त्यामुळे दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मानाने फार कमी वेळ लागतो.